खालची बाजू

मास्तर स्वतः गायला लागले की ओट्याखालची कुत्री उठून जायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. त्यांना गळा नव्हताच. कान होता, आणि त्या कानापायी त्यांनी नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या बायकांना दोन वर्षं छळलं.

ते निजामाच्या पलटणीत बाजा वाजवायचे. हैदराबादला, एका गोऱ्या बँडमास्तराच्या हाताखाली. पेन्शनीत निघाले तेव्हा सरकारनं बाजा ठेवून घेतला, कोटाची पितळी बटणं कापून घेतली आणि कोट तेवढा दिला. तो लाल कोट ते नाड्या बांधून घालायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा. माझी आई विचारायची, "मास्तर, उकडत न्हाई का?"

"उकडतंय की. पण काढला तर मी कोण, हे कुणाला कळंल?"

दूधवाल्याला दारात थांबवून ते सांगायचे, "कालची हाळी चढी होती, आज उतरली. तब्येत बघ." आडावर दोन बायका भांडायला लागल्या की हे जवळ जाऊन उभे राहायचे. सोडवायला नाही, ऐकायला. बायका लाजून गप्प झाल्या तर यांचं तोंड उतरायचं. "थांबलात का? आत्ता तर रंगत आली होती."

माझ्या वडिलांना ते अर्धवट वाटायचे. वडील जिनिंगच्या कारखान्यात मुकादम होते, त्यांना निम्मं जग अर्धवट वाटायचं. मला मास्तर अर्धवट वाटले नाहीत. मला ते कटकटे वाटायचे. मी तेव्हा चौथी पास होऊन घरी बसले होते आणि मुरुडला माझं लग्न ठरत आलं होतं. वेळ भरपूर होता, म्हणून आईबरोबर मीही त्यांच्या तावडीत सापडले.

झालं असं की आमच्या बायकांचं एक भजन होतं. गुरुवारी दुपारी, जेवणंखाणं उरकल्यावर जमायचं. पेटी वाजवणारे बुवा गाव सोडून गेले आणि भजन कोरडं पडलं. मास्तरांकडे पेटी होती. बायका विचारायला गेल्या, तर ते म्हणाले, "वाजवतो. पण आधी माझं गाणं, मग देवाचं."

बायकांना वाटलं, म्हाताऱ्याचं एखादं गाणं म्हणायला काय जातंय.

ते गाणं म्हणजे एक गाणं नव्हतं. तीन चाली होत्या आणि तिन्ही एकाच वेळी म्हणायच्या. असलं काही आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे दहाजणी गायल्या तरी चाल एकच. मास्तरांनी आमचे तीन गट केले, प्रत्येक गटाला ते बाजू म्हणायचे. शब्द आठवडी बाजारातले. वरची बाजू केळीवाल्याची: घ्या केळी, अर्धापूरची केळी. मधली बाजू कासाराची: बांगड्या भरा, काकी, बांगड्या भरा. आणि खालची बाजू गाडीवानाची. तिला एवढंच होतं: सरका, सरका, गाडी आली. पण ते इतकं लांबवून आणि इतक्या खालच्या सुरात, की म्हणता म्हणता श्वास संपायचा.

सोनारीणकाकू भजनात पुढं बसायच्या, त्यांचा गळा गोड होता आणि त्यांना तो ठाऊक होता. त्यांनी विचारलं, "मास्तर, देवाचं नाव का न्हाई ह्यात?"

"एका देवाचं घेतलं की दुसऱ्याची माणसं उठतात."

"मग राजाचं घ्या."

"राजासाठी पंचवीस वर्षं फुंकलं. बास झालं."

टाळीचीही रीत नव्हती. एका ओळीत पाच टाळ्या, पुढच्या ओळीत सात. आणि सूर! वरची बाजू 'केळी' म्हणायची तेव्हा आमच्या 'सरका'ला तिचा सूर असा घासायचा, की जेवताना दाताखाली खडा यावा तसं व्हायचं. आई म्हणाली, "मास्तर, हे जुळत न्हाई." मास्तर म्हणाले, "घासू द्या. बाजारात कोण कुणाशी जुळवून घेतंय?"

पेटीवर सूर देऊन झाला की ठेका ते लाटण्यानं धरायचे. पेटीच्या बाजूच्या पाटावर लाटणं आपटत. घरात लाटणं एकच होतं, म्हणून गुरुवारी त्यांच्याकडे पोळ्या नसायच्या. काकी, म्हणजे त्यांची बायको, आत चुलीपाशी हातावर भाकऱ्या थापायच्या.

आमची मोठी अडचण वेगळीच होती. लहानपणापासून भजनात आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. एखादी अडली की तिला धरायचं. तिचा सूर सुटला की शेजारणीनं आपला सूर तिच्यात मिसळायचा आणि तिला परत वर आणायचं. जी धरत नाही ती बाई आखडू. आता मास्तरांच्या गाण्यात मधली बाजू अडली, की वरच्या बाजूच्या सगळ्या आपली केळी टाकून बांगड्यांच्या मदतीला धावायच्या. मग खालची बाजूही धावायची. क्षणात सगळ्या मिळून बांगड्या भरताहेत आणि बाजारात ना केळी ना गाडी.

मास्तर लाटणं आपटायचे. "धरू नका! पडू द्या तिला!"

"पडू द्या कसं, मास्तर? चांगल्या घरची बाई हाय ती," सोनारीणकाकू म्हणायच्या.

"तुमची बाजू धरा. शेजारीण मेली तरी चालंल, बाजू सोडायची न्हाई. पुन्हा."

हा 'पुन्हा' त्यांचा आवडता शब्द. चुकलं की पुन्हा. आणि बरं झालं तर डोळे बारीक करून, हळू आवाजात, पुन्हा. दुसरा पुन्हा कधीमधीच मिळायचा, पण मिळाला की बायका आठवडाभर तो मिरवायच्या.

याच पायी त्यांनी एकदा मोठी आफत ओढवून घेतली. सोनारीणकाकूंची सासू वारली. गल्लीतल्या सगळ्या बायका रडायला बसल्या होत्या, मास्तर ओट्यावर पुरुषांत होते. प्रेत उचलल्यावर त्यांनी दारातून आत मान घातली आणि सोनारीणकाकूंना म्हणाले, "बाई, आज जमलं. एकीनं दुसरीला धरलं न्हाई. ज्या त्या आपापलं रडत होत्या. गुरुवारी असंच गायचं."

सोनारीणकाकू पुढं महिनाभर आल्या नाहीत. मग एका गुरुवारी येऊन गुमान वरच्या बाजूत बसल्या. आईला म्हणाल्या, "सासू गेल्याचं एवढं काही न्हाई गं. पण मेला ऐकून राहिला होता, ह्याचा राग आला." आणि त्या दिवसापासून सगळ्यात आधी बाजू धरायला शिकल्या त्या सोनारीणकाकूच. मास्तर म्हणाले होते ते खरं होतं, आणि आम्हा सगळ्यांना ते कळलं होतं. फक्त बोलायची जागा चुकली.

त्या काळात चार माणसं जमवून काही करायचं तर अमीनसाहेबांची, म्हणजे ठाण्याच्या मुख्याची, परवानगी लागायची. गाणं गल्लीला ऐकवायचं मास्तरांच्या मनात आलं, तेव्हा ते अर्ज घेऊन गेले. तिथं काय झालं ते त्यांनीच ओट्यावर बसून सांगितलं.

अमीनसाहेब म्हणाले, "कौनसा गाना? गाके बताओ."

मास्तरांनी केळी म्हटली. मग बांगड्या म्हटल्या. मग गाडी म्हटली. त्यांच्या त्या गळ्यानं. अमीनसाहेबांनी कानातला अत्तराचा फाया चाचपला आणि म्हणाले, "ये तो तीन गाने हुए. अर्जी में एक लिखा है."

"एकच है, साहेब. तीनों एक साथ गाते."

"एक साथ? तो सुनेगा कौन?"

"वोच तो मैं भी दो साल से पूछ रहा हूँ, साहेब."

अमीनसाहेब हसले आणि अर्जावर शिक्का मारला. जुम्म्याला, म्हणजे कचेऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी चार वाजता, मास्तरांच्या दारापुढं.

आता खालच्या बाजूचं सांगते. त्या बाजूत मी होते, कारण माझा आवाज जाड. माझ्याबरोबर एक आजी होत्या, त्या पहिल्या ओळीलाच पेंगायच्या. म्हणजे खालची बाजू मी एकटीच. आणि गाण्यात एक जागा अशी होती, की वरची आणि मधली बाजू गप्प होतात आणि गाडीवान एकटाच उरतो. एकच लांब 'सरका'. त्या जागेवर मी दर वेळी घसरायची. मास्तर मला रागवायचे नाहीत. नुसते आतल्या दाराकडे बघायचे. मला वाटायचं, पाणी हवं असेल.

काकी कधी बाहेर यायच्या नाहीत. कुणाशी बोलल्या तर कानाशी येऊन, कुजबुजत. गल्लीत काहींना वाटायचं, त्यांना घशाचा रोग आहे. तालीम संपली की मी आत पाणी प्यायला जायची, भाकरी उलटायला मदत करायची. एकदा मी तिथं बसून ती लांब 'सरका' घोकत होते, तर काकी हळूच म्हणाल्या, "तू छातीतून काढतीस. खालून काढ. पोटातून."

मी म्हटलं, "तुम्हाला येतंय तर तुम्हीच म्हणा की."

त्या भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा आवाज गड्यासारखा हाय. लग्नात उखाणा घेतला तर सगळा मांडव हसला. सासूबाई म्हणाल्या, चारचौघांत तोंड उघडू नगंस. न्हाई उघडलं."

"आणि मास्तर?"

"त्यांनी तर मान वर केली आणि म्हणाले, पुन्हा घे." भाकरीवर त्यांचा हात थांबला. "लोक हसले ते हसले. पण ह्यांनी माझी चेष्टा करावी?"

मी तेव्हा मोठी हुशार होते असं नाही. पण दोन वर्षं मी त्या माणसाचा 'पुन्हा' ऐकत होते. मी म्हटलं, "काकी, ते आम्हालाबी म्हणतात. सोनारीणकाकूंनी चांगलं म्हटलं की डोळे बारीक करून म्हणतात. चेष्टा न्हाई ती. त्यांना परत ऐकायचं असतंय."

काकींनी माझ्याकडे बघितलं. तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी ती काढून बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली, ती वाकडी झाली. मला म्हणाल्या, "जा घरी."

पुढच्या गुरुवारी बायकांना एकदाचं जमलं. कुणी कुणाला धरलं नाही. मधली बाजू अडली, वरची आपली केळी विकत राहिली, मधली स्वतःच सावरली. मास्तरांचं तोंड लग्नघरासारखं उजळलं. मग ती जागा आली. सगळ्या गप्प झाल्या आणि मी एकटी. मी 'सरका' धरलं, ते अर्ध्यात थरथरलं आणि घसरायला लागलं. कुणी धरायला आलं नाही. आईसुद्धा नाही. भर बाजारात आईनं हात सोडावा तसं मला वाटलं.

तेव्हा आतून आवाज आला.

आमच्या शेतावर मोट होती. रिकामी मोट खाली जाताना चाक चिरकतं, भरलेली मोट वर येताना तेच चाक खालच्या आवाजात बोलतं. काकींचा आवाज तसा होता. त्यांनी माझा सूर खालून उचलला आणि जिथं जायला हवा होता तिथं नेऊन ठेवला.

म्हणजे काकींनी मला धरलं. दोन वर्षं मास्तर जे करू नका म्हणून ओरडत होते, नेमकं तेच. त्यांचं लाटणं वरच राहिलं. बायका दाराकडे बघायला लागल्या. मास्तरांनी डोळे बारीक केले आणि दाराकडे न बघता, हळू म्हणाले, "पुन्हा."

आत भाकरी तव्यावरून उतरवल्याचा आवाज झाला. मग तोच सूर पुन्हा आला. आधीपेक्षा लांब.

आम्हाला मग समजलं की हे सगळं लचांड, त्या तीन बाजू, तो बाजार, ती एकट्या गाडीवानाची जागा, त्यांनी कुठल्या गळ्यासाठी रचलं होतं. आई घरी येताना म्हणाली, "मेल्यानं सरळ सांगायचं की तिला." मी म्हटलं, "सांगितलं असतं तर म्हटलं असतं का त्यांनी?" आई म्हणाली, "तू लई बोलून राहिलीस आजकाल."

काकींची अट होती. बाहेर येणार नाही, आतूनच म्हणेन, दार लोटलेलं राहील. मास्तर म्हणाले, "हाव. कडी लाव पाहिजे तर." त्यांना हवं ते मिळत होतं, दाराचं काय एवढं.

जुम्म्याला दारापुढं सतरंज्या घातल्या. गल्लीतले सगळे आले, ठाण्याचा एक शिपाई आला, चौकातला पानवाला अगदी मधोमध येऊन बसला. मास्तरांनी कोटाच्या नाड्या बांधल्या. गाणं सुरू झालं. लोकांची तोंडं बघण्यासारखी होती. शिपाई कुणाला तरी विचारत होता की या बायका आपसांत भांडताहेत का. पण बाजू सुटल्या नाहीत. दाराआडून काकींची गाडी संथ येत होती, आणि ती आहे म्हणून मीही सरळ चालले होते.

तेवढ्यात पानवाला मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, आत कोण गडी बसवला? बायकांच्या गाण्यात गडी घालता व्हय?"

सगळे हसले. काकींच्या लग्नातला मांडव हसला असेल तो असाच असणार.

आतला आवाज थांबला.

वरची आणि मधली बाजू चालू राहिली, कारण आता त्यांना तीच शिस्त होती. मी एकटी गाडी ओढत होते. मास्तर ठेका देत होते, पण डोळे दारावर होते आणि हात नुसता सवयीनं चालला होता. इतकं म्हातारं मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आणि ती जागा जवळ येत होती. आली. बाजू गप्प झाल्या. मी तोंड उघडलं आणि मला ठाऊक होतं की मी पडणार.

दार उघडलं. काकी डोक्यावर पदर घेऊन, हातात पाण्याचा तांब्या, बाहेर आल्या. हात पिठानं पांढरे होते. सतरंजीवर बसलेल्या लोकांतून त्या पुढं चालत आल्या, आणि चालता चालता म्हणत होत्या, "सरका..." त्या लांब, खालच्या सुरात. आणि माणसं खरोखर सरकली. चांगले मिशावाले बाप्ये धोतर गोळा करून बाजूला झाले. सूर संपला तेव्हा त्या पानवाल्यापुढं उभ्या होत्या.

"गडी न्हाई बाबा. मी हाय," त्या त्याच आवाजात म्हणाल्या. "पाणी घे."

पानवाल्यानं तांब्या घेतला आणि खाली मान घालून सगळा प्याला.

यानंतर वरच्या बाजूनं परत उचलायचं होतं. पण सोनारीणकाकूंसकट सगळ्या काकींकडे बघत राहिल्या आणि गाणं तिथंच मोडलं. शेवट कुणी म्हटलाच नाही. शिपायानं विचारलं, "खतम हुआ?" मास्तर म्हणाले, "हुआ," आणि लाटणं मांडीवर ठेवून बसून राहिले.

खरं सांगायचं तर ते गाणं कुणालाच आवडलं नाही. जाताना लोक म्हणत होते की पेटी बरी वाजली. पुढं दिवस वाईट आले. रझाकारांच्या भीतीनं निम्मी गल्ली हद्दीपलीकडे पाहुण्यांकडे गेली, माझं लग्न घाईत उरकलं, आणि तिन्ही बाजू पुन्हा एका ठिकाणी बसल्या नाहीत. मास्तरांनी ते गाणं शेवटापर्यंत कधीच ऐकलं नाही. मुरुडला असताना ते गेल्याचं कळलं. मी रडले नाही. त्यांना माझं रडणं कच्चं वाटलं असतं.

त्या जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र सांगायला हवी. मी त्यांची सतरंजी परत द्यायला गेले होते. मास्तर ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. दारात अर्धापूरचा केळीवाला टोपली उतरवून उभा, आणि काकी उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून त्याच्याशी भांडत होत्या. भरल्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. केळी डागाळलेली हाईत, घड कोवळा काढलाय, आम्हाला काय आंधळं समजलास का. केळीवाला देवाच्या शपथा घेत होता. आजूबाजूच्या दारांतून बायका डोकावत होत्या.

मी म्हटलं, "मास्तर, सतरंजी कुठं ठेवू?"

त्यांनी डोळे मिटले होते. बोट वर करून मला गप्प बसवलं.

काकींनी शेवटी केळी घेतलीच नाहीत. "जा," म्हणाल्या, आणि आत गेल्या. केळीवाला टोपली डोक्यावर घेऊन पुटपुटत निघाला. तो कोपऱ्यावर पोचतोय तोच मास्तर ओट्यावरून उतरले, अनवाणी, कोटाच्या नाड्या लोंबताहेत, त्याच्या मागं धावले, आणि दंडाला धरून त्याला परत दारात आणून उभा केला.